शेवट सांगू नये

मंडळाच्या मासिकात माझं एक पान असतं,
'पडद्यावर काय' नावाचं.
महिन्याला तीन परीक्षणं, मोबदला म्हणून
गणपतीतल्या नाटकाचे दोन पास.
संपादक गोडांबेबाईंची अट एकच:
शेवट सांगू नये.

मनामा, गुदैबियातली खोली.
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
एसीखालच्या बादलीत दर सात सेकंदांनी थेंब पडतो.
मोजलंय मी. संथ मालिकांत दुसरं काय करणार.
बाहेर धुळीचा दिवस, समोरच्या लाँड्रीची पाटी
उकडलेल्या बटाट्यासारखी पिवळट.
परकार खालून करक चहा आणतो, दोन कागदी कप,
आणि अर्ध्यावरून बघायला बसतो.
नेहमी अर्ध्यावरूनच.

पहिली नॉर्वेची. आठ भाग. बर्फ.
बाप, दोन मुली, विकायला काढलेली एक होडी.
माणसं जेवायला बसतात आणि कुणी कुणाला वाढत नाही.
"घे ना अजून" असं आठ भागांत एकदाही नाही.
परकार म्हणाला, भांडण कधी सुरू होणार?
मी म्हटलं, चालूच आहे की. हेच ते.
वाक्य बरं वाटलं, परीक्षणात घातलं.
साडेतीन तारे.

दुसरी कोरियाची, थरारपट.
खुनी मला दुसऱ्याच भागात कळला:
सगळे रडत होते तेव्हा
तो एकटा दारातल्या चपला सरळ लावत होता.
परकारला बोललो नाही. तो पैज लावतो,
हरला की आठवडाभर भांडी घासतो,
आणि कढई तेलकटच ठेवतो.
पाठलाग उत्तम. पाऊस जरा जास्त. चार तारे.

तिसरा माहितीपट. कुणा फ्रेंच बाईंचा,
आखातातल्या एका शहरावर, शहराचं नाव दिलेलं नाही.
सगळं उंचावरून. काचा, क्रेन,
भराव घालून मागे सारलेला समुद्र.
निवेदिकेचा आवाज मखमली:
ही बिनचेहऱ्याची माणसं, वगैरे.
आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला
अर्धवट जिन्यावर एक चेहरा.
हेल्मेट गुडघ्यावर, फोन कानाशी.
तो काहीतरी बोलतो.
खाली पांढरी अक्षरं उमटतात:
(परकी भाषेत बोलतो)

परकारचा कप हवेतच राहिला.
"अरे, हा तर आपल्यातलं बोलतोय!"

मागे घेतलं. परत मागे.
मध्ये कसलासा भोंगा येत होता.
अकराव्या खेपेला वाक्य पुरतं लागलं:
"माळ्यावरचो डबो उघडू नको हां.
मी इलंय काय दोघां मिळान उघडूया."

सहा सेकंद. मग पुन्हा काचा. समुद्र.

पैसे असतील, परकार म्हणाला.
माळ्यावर? उंदरांसाठी?
मग साडी.
साडी असती तर तिनं एव्हाना नेसली असती.
"बंदूक," म्हणाला परकार,
कोरियातून अजून न परतलेला.

रात्री दीडला वरच्या पलंगावरून आवाज:
लग्नातला आहेर असेल, न फोडलेला.
झोप रे, म्हटलं.
आणि मीच विचारलं, रिकामाच असला तर?
वर कूस बदलल्याचा आवाज.
थेंब.
सात सेकंद.
थेंब.

तिसऱ्या परीक्षणात मी एवढंच लिहून पाठवलं:
एकोणचाळिसावं मिनिट, जिना,
तो माणूस मालवणीत बोलतो, आणि काय बोलतो ते,
भोंगा वगळून, शब्दाला शब्द.

गोडांबेबाईंचा फोन आला.
हे काय? छायांकन कुठंय? संगीत?
तारेसुद्धा विसरलात तुम्ही.
मग जरा थांबून, खालच्या पट्टीत:
"आणि काय हो, डब्यात काय निघालं?"

बाई, म्हटलं, अट तुमचीच आहे.
आणि बादली ओतायला उठलो.